गुन्ह्याची जुनी नोंद आणि दुकानाचा स्नॅप परवाना: अमेरिकेत नव्याने दुकान घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत छोटं किराणा दुकान किंवा गॅस स्टेशनला लागून असलेलं स्टोअर घ्यायची बोलणी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो: ईबीटी चालतं का? सरकारी अन्नमदत ज्या कार्डावर जमा होते ते हे कार्ड. योजनेचं नाव स्नॅप. जुनी गिऱ्हाइकं अजूनही फूड स्टॅम्पच म्हणतात. 1964 च्या कायद्याने ती कायमस्वरूपी झाली आणि 2008 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. सुमारे 4 कोटी लोक दर महिन्याला ही मदत घेतात. गरीब वस्तीतल्या दुकानात ईबीटी चालत नसेल, तर गिऱ्हाईक दूध-पावाला शेजारच्या दुकानात जातं आणि बाकीची खरेदीही तिथेच उरकतं.

नवा माणूस इथे पहिली चूक करतो ती कार्यालयाची. गिऱ्हाइकाला कार्ड राज्य सरकार देतं, म्हणून दुकानदारही राज्याच्या मदत कार्यालयात जाऊन चौकशी करत बसतो. दुकानाला परवानगी मात्र फक्त केंद्राच्या कृषी खात्याची अन्न आणि पोषण सेवा देते. तिचं लघुरूप एफएनएस. अर्ज तिच्याकडेच जातो आणि अर्जाला फी नाही. 'परवाना काढून देतो' म्हणून कोणी सरकारी फीच्या नावाने पैसे मागत असेल, तर ते देऊ नका.

आता मुख्य अडचण. मालकाच्या, भागीदाराच्या किंवा व्यवस्थापकाच्या नावावर गुन्ह्याची नोंद असली, तर नियमाप्रमाणे हा परवाना कायमचा नाकारला जाऊ शकतो. नोंद असलेला प्रत्येक जण अडकतोच असं मात्र नाही. कोणता गुन्हा, कोणाच्या नावावर, आणि अर्जात तो कसा मांडला, यावर पुष्कळ काही ठरतं. म्हणून दुकानाची इसाऱ्याची रक्कम देण्यापूर्वी खालची कामं उरका.

नियम नेमका काय म्हणतो

संघीय नियमांच्या सातव्या शीर्षकात कलम 278.1 आहे. त्याच्या (ब)(3) या भागात अर्जदाराची 'व्यावसायिक सचोटी' तपासायला सांगितलं आहे. मालक, अधिकारी किंवा व्यवस्थापक यांच्यावर दोषसिद्धी किंवा दिवाणी निकाल असेल, तर तो चार गटांपैकी कशात बसतो ते पाहिलं जातं.

पहिला गट सरकारी किंवा खासगी व्यवहारात केलेल्या फसवणुकीचा किंवा गुन्ह्याचा. दुसरा ग्राहक-संरक्षण कायद्यांचा भंग, आणि दारू, तंबाखू, बंदुका, नियंत्रित अमली पदार्थ, जुगाराचे परवाने यांच्याशी संबंधित कायद्यांचा भंग. तिसऱ्यात अपहार, चोरी, खोट्या सह्या, लाच, नोंदी खोट्या करणं किंवा नष्ट करणं, खोटं निवेदन, चोरीचा माल घेणं, खोटे दावे, न्यायदानात अडथळा. चौथा गट सर्वसमावेशक आहे: व्यावसायिक प्रामाणिकपणाचा अभाव दाखवणारा आणि त्या माणसाच्या सध्याच्या जबाबदारपणावर गंभीर व थेट परिणाम करणारा कोणताही गुन्हा.

त्याच कलमाचा (के)(3) हा भाग परवाना किती काळ नाकारायचा ते सांगतो. या चार गटांत बसणाऱ्या नोंदीसाठी तो काळ 'कायमचा' असा आहे. पाच वर्षं, दहा वर्षं अशी पायरी नाही; गुन्हा किती जुना, माणूस तेव्हा किती वयाचा होता, हे त्या वाक्यात येतच नाही.

हा नियम फार सरधोपट आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्नॅप घेणाऱ्या दुकानाने निष्काळजीपणाने पात्र नसलेला माल कार्डावर विकला, तर पहिल्या खेपेला साधारण सहा महिन्यांची बंदी येते. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या, कर भरणाऱ्या आणि दुसरं दुकान नसलेल्या वस्तीत दुकान थाटणाऱ्या माणसाला मात्र विशीतल्या एका गुन्ह्यापायी आयुष्यभर दार बंद होऊ शकतं. त्यात नुकसान त्याच्याइतकंच वस्तीचंही होतं. मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन शहरात अमली पदार्थ आणि बंदुकीच्या जुन्या गुन्ह्यांची शिक्षा भोगून आलेल्या एका दुकानदाराने याच मुद्द्यावर सरकारला न्यायालयात खेचलं होतं. नियम बदलावा असं आम्हाला मनापासून वाटतं, पण अर्ज आजच्या नियमाखालीच करावा लागतो.

आधी स्वतःची नोंद हातात घ्या

आठवणीवर विसंबून फॉर्म भरू नका. पंधरा वर्षांपूर्वीच्या खटल्याबद्दल बहुतेकांना 'दंड भरून मिटलं' एवढंच आठवतं. ते मिटलं म्हणजे खटला काढून टाकला गेला, की गुन्हा कबूल करून दंड भरला? या दोन उत्तरांत सगळा फरक आहे.

एफबीआयकडून स्वतःच्या नोंदीचा उतारा मागवता येतो. बोटांचे ठसे आणि 18 डॉलर लागतात. त्या उताऱ्यात पुष्कळदा फक्त अटकेची तारीख असते, निकाल नसतो. म्हणून ज्या काउंटीत खटला चालला तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडून अंतिम निकालाची प्रमाणित प्रत घ्या. प्रतीवर पुढच्या गोष्टी आहेत का ते तिथेच, खिडकीशी उभं राहून तपासा: ज्या कायद्याखाली दोषी ठरलात त्याचा कलम-क्रमांक, मूळ आरोप आणि शेवटी कबूल केलेला आरोप, शिक्षा, आणि शिक्षा पूर्ण झाल्याची नोंद. प्रोबेशन असेल तर ते संपल्याचा कागद वेगळा लागतो. नुकसानभरपाई किंवा दंड भरला असेल तर त्याची पावती. कोर्टाची फाइल गोदामात गेलेली असली तर प्रत मिळायला आठवडे लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

काही नोंदी लोकांच्या लक्षातच येत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस बहुतेक राज्यांत गुन्ह्यात मोडते. न्यू जर्सीत मात्र ती वाहतूक-नियमभंगात धरली जाते. म्हणून एडिसनच्या मित्राने फॉर्मवर जे लिहिलं तेच टेक्सासच्या माणसाने उतरवून चालत नाही. दुसरी नोंद भारतातली. फॉर्म 'कोणत्याही गुन्ह्या'बद्दल विचारतो, आणि चेक न वटल्याचा कलम 138 चा खटला भारतात फौजदारी आहे. त्यात कोणी दोषी ठरला असेल, तर ती गोष्ट वकिलासमोर ठेवलीच पाहिजे.

राज्याने नोंद सीलबंद केली किंवा पुसली असेल, तरी आपण होऊन 'नाही' लिहू नका. अर्ज संघीय आहे. राज्याच्या आदेशाचा त्यावर काय परिणाम होतो हे त्या आदेशाची भाषा वाचूनच ठरतं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचं काम चालू असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलालाही तीच फाइल दाखवा. 'दोषसिद्धी'ची इमिग्रेशन कायद्यातली व्याख्या राज्यांच्या व्याख्येहून बरीच रुंद आहे, आणि एका अर्जातलं उत्तर दुसऱ्या अर्जातल्या उत्तराशी जुळलं नाही तर नवंच संकट उभं राहतं.

नोंद कोणत्या गटात जाते ते ठरवा

निकालाची प्रत आणि वरचे चार गट शेजारी ठेवून बसा. फी घेऊन तासभर सल्ला देणाऱ्या वकिलावर इथे केलेला खर्च वाया जात नाही, पण तो स्नॅपच्या दुकानदारांची कामं केलेला असावा. घर-खरेदीची कागदपत्रं करणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडे हे काम देऊ नका.

चोरी, अपहार, खोटी सही, खोटं निवेदन: हे सरळ तिसऱ्या गटात जातं. इथे युक्तिवादाला जागा फार थोडी. कबूल केलेला अंतिम आरोप मूळ आरोपाहून वेगळा आणि सौम्य होता का, एवढंच पाहायचं राहतं. 'चोरी'चा आरोप असताना शेवटी 'शांतताभंग' कबूल केला असेल, तर नोंद शांतताभंगाची आहे.

मारामारी, घरगुती भांडणातली केस, वाहतुकीतला गंभीर गुन्हा हे पहिल्या तीन गटांत बसत नाहीत. ते आले तर चौथ्यातून येतील, आणि चौथ्या गटाला अटी आहेत: व्यावसायिक प्रामाणिकपणाशी संबंध हवा, आणि परिणाम 'सध्याच्या' जबाबदारपणावर, गंभीर आणि थेट हवा. 2003 सालच्या बारमधल्या मारामारीने आज दुकान सांभाळण्याच्या जबाबदारपणावर थेट परिणाम होतो, असं दाखवणं सोपं नाही. अर्जाला जोडायच्या पत्राचा कणा हाच.

अमली पदार्थ आणि बंदुकीच्या केसेस दुसऱ्या गटातून येतात, आणि तिथलं वाक्य दोन रीतींनी वाचता येतं. यादीच्या शेवटी 'परवाने' असा शब्द आहे. तो पूर्ण यादीला लागू धरला, तर हा गट दारू-तंबाखू-बंदुकीच्या विक्री परवान्यांच्या नियमभंगापुरता राहतो. फक्त जुगाराला लागू धरला, तर खिशात सापडलेल्या गांजाची केससुद्धा आत येते. नाकारल्याचं पत्र आलंच तर वकिलाने लढवायचा मुद्दा हा, म्हणून तो पहिल्या पत्रातच नोंदवून ठेवा.

याच गटात आजच्या दुकानदारालाही धोका आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. काउंटरवरच्या मुलाने ओळखपत्र न बघता अल्पवयीन पोराला बिअर किंवा सिगारेट विकली, पोलिसांनी मालकाच्या नावाने समन्स दिलं, आणि मालकाने 'कोण कोर्टाच्या चकरा मारणार' म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरला. तीनशे डॉलरचं प्रकरण. पण ती दारू-तंबाखूच्या कायद्याखालची मालकाची दोषसिद्धी ठरू शकते, आणि परवान्याच्या प्रश्नात ती उभी राहते. असं समन्स आलं तर कबुली देण्याआधी वकिलाला विचारा: दोषसिद्धी न होता हे प्रकरण मिटवता येईल का?

फॉर्ममध्ये कोणाकोणाची नावं येतात

दुकानांसाठीचा अर्ज एफएनएस-252 या क्रमांकाचा आहे आणि तो ऑनलाइनही भरता येतो. कंपनी खासगी असेल तर सगळे मालक, भागीदार, सदस्य, अधिकारी यांची नावं, घरचे पत्ते, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावे लागतात. कंपनी केली म्हणून माणूस मागे लपत नाही.

नवरा-बायकोच्या बाबतीत राज्य पाहा. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, आयडाहो, लुइझियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांत लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक मानली जाते. तिथे जोडीदाराची माहितीही फॉर्मवर द्यावी लागते, त्याने दुकानात कधी पाऊल ठेवलं नसलं तरी. डॅलस किंवा बे एरियातल्या मराठी घरांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

उलट, नियमात मालक, अधिकारी आणि व्यवस्थापक असे शब्द आहेत. काउंटरवर बसणारा, माल लावणारा साधा नोकर त्यात येत नाही. जुनी नोंद असलेल्या माणसाला नोकरी देण्यात या कलमाची अडचण नाही, आणि अशी नोकरी द्यावी असंच आम्ही म्हणू. फक्त त्याच्याकडे दुकानाच्या किल्ल्या, बँकेच्या सह्या आणि माल मागवण्याचे अधिकार सोपवले, की पाटीवर काहीही लिहिलं असलं तरी तो व्यवस्थापक ठरू शकतो.

दुसऱ्याचं नाव लावण्याचा 'उपाय'

हा सल्ला प्रत्येक समाजाच्या व्यापारी बैठकीत मिळतो: बायकोच्या, मेहुण्याच्या, भाच्याच्या नावाने अर्ज करा. करू नका. एफएनएस बँकेचे कागद, भाडेकरार, परवाने, करविवरण मागवू शकते. पैसा कोणी घातला, सह्या कोण करतो, घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर कोणाचं नाव आहे, हे जुळलं नाही की गोष्ट उघडी पडते.

मग प्रश्न जुन्या गुन्ह्याचा राहत नाही. पात्रतेवर परिणाम करणारी खोटी माहिती जाणूनबुजून दिली, तर कलम 278.6 खाली कायमची बंदी आहे. संघीय सरकारला खोटं निवेदन केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ज्याच्या नावावर आजवर डाग नव्हता तो मेहुणाही यात अडकतो. बायकोने खरोखर स्वतःच्या पैशाने दुकान घेतलं, स्वतः चालवते, नवऱ्याचा त्यात हात नाही, तर ती तिच्या नावाने अर्ज करू शकते; पण तेव्हाही सामाईक मिळकतीच्या राज्यात नवऱ्याचं नाव फॉर्मवर येणारच.

चालू दुकान विकत घेताना असाच सापळा असतो. परवाना दुकानाबरोबर विकला जात नाही. नव्या मालकाने नवा अर्ज करायचा आणि मंजुरी येईपर्यंत ईबीटी बंद ठेवायचं. जुन्या मालकाचं मशीन 'तोपर्यंत वापरा' असं विकणारा म्हणेल. ते वापरणं हा सरळ नियमभंग आहे. विकणाऱ्यावर बंदी आली होती का हे लेखी विचारा. आली असेल तर विक्री खरी असल्याचे कागद नीट ठेवा आणि त्याला 'अनुभवी माणूस आहे' म्हणून व्यवस्थापक म्हणून ठेवू नका. बंदी चुकवण्याचा प्रयत्न हे परवाना नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. खरेदी करारात एक अट घाला: ठरलेल्या मुदतीत स्नॅप परवाना मिळाला नाही तर इसारा परत.

माल कमी पडून अर्ज पडू देऊ नका

सचोटीच्या प्रश्नाकडे लक्ष देता देता लोक साधी अट विसरतात. मालाच्या अटीवर अर्ज नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करायला सहा महिने थांबावं लागतं. जुनी नोंद असलेल्याने तर हा कोपरा पक्का ठेवावा.

मुख्य अन्नाचे चार गट: मांस-मासे-कोंबडी, ब्रेड व धान्य, भाज्या-फळं, दुग्धजन्य. प्रत्येक गटात किमान तीन वेगवेगळे प्रकार, प्रत्येक प्रकाराचे किमान तीन नग, आणि दोन गटांत किमान एक नाशवंत प्रकार. म्हणजे 4 × 3 × 3, कमीत कमी 36 नग कायम मांडणीवर. 2014 च्या कायद्याने सात प्रकार आणि तीन गटांत नाशवंत माल असं सांगितलं होतं. तो भाग बरीच वर्षं अंमलात आला नाही, पण 2025 मध्ये कृषी खात्याने तो पुन्हा पुढे आणला. म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा एफएनएसच्या पानावर बघा आणि शक्यतो आजच सात प्रकार ठेवा. दुसरी वाटही आहे: एकूण विक्रीच्या 50 टक्क्यांहून जास्त विक्री मुख्य अन्नाची असणं. खाटकाचं किंवा भाजीचं दुकान या वाटेने जातं.

देशी दुकानात चूक होते ती प्रकार मोजताना. बासमती, सोनामसुरी आणि आंबेमोहोर हे तीन नाहीत, तांदूळ हा एकच प्रकार. गव्हाचं पीठ दुसरा, ओट्स किंवा मक्याचं पीठ तिसरा. होल मिल्क आणि दोन टक्क्यांचं दूध मिळून एकच. दही आणि पनीर वेगळे. आंबा आणि आंब्याच्या रसाचा डबा मिळून एक. मसाले, चहा, लोणची, चिवडा, बिस्किटं, शीतपेयं हे पूरक पदार्थ. ते कार्डावर विकता येतात, पण मोजणीत शून्य. देशी दुकानाचं अर्धं फडताळ या पूरक मालानेच भरलेलं असतं, म्हणून भरलेलं दुकानसुद्धा मोजणीत रिकामं निघतं.

शुद्ध शाकाहारी दुकानाची अडचण मांसाच्या गटात. टोफूसारखे पदार्थ त्या गटात किती धरले जातात ते अर्जाआधी एफएनएसला विचारून लेखी उत्तर ठेवा. मांस ठेवायला हरकत नसेल तर गोठवलेली कोंबडी, गोठवलेलं बोकडाचं मटण आणि ट्यूनाचे डबे यांवर भागतं. गोठवलेला माल नाशवंतात धरला जातो, त्यामुळे फ्रीझरमधली कोंबडी आणि भेंडी यांवरच दोन गटांतली नाशवंताची अट निघते.

अर्ज आल्यावर एफएनएसचा कंत्राटी निरीक्षक दुकानात येतो, फोटो काढतो, मांडणीचा आराखडा काढतो. त्या दिवशी दूध संपलेलं असेल तर मागच्या 21 दिवसांतली खरेदीची बिलं दाखवता येतात. बिलं दुकानातच, तारखेप्रमाणे लावून ठेवा.

अर्ज आणि त्याला जोडायचं पत्र

फॉर्मवर दुकानाचे तास, पैसे घेण्याच्या काउंटरांची संख्या, विक्रीचे आकडे, मुख्य अन्न, पूरक पदार्थ, गरम अन्न आणि इतर मालाची टक्केवारी विचारतात. गरम अन्नाचा वाटा अर्ध्याहून जास्त असेल तर दुकान हॉटेलात गणलं जातं आणि दुकानाचा परवाना सहसा मिळत नाही, वडापावचा काउंटर कितीही चालो.

मग सचोटीचे प्रश्न येतात. त्यांतला एक असा: कोणताही मालक, अधिकारी, भागीदार, सदस्य किंवा व्यवस्थापक 1 जून 1999 नंतर कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहे का? तारखेकडे नीट बघा. गुन्हा त्याआधीचा असला तरी दोषसिद्धी नंतरची असेल, तर उत्तर 'हो'. दोषसिद्धीच त्याआधीची असेल, तर या प्रश्नाला उत्तर 'नाही', आणि उगाच जास्तीचं सांगायची गरज नाही. आधी स्नॅप किंवा महिला-बालकांच्या विक योजनेतून काढलं गेलं होतं का, दारू-तंबाखू-लॉटरीचा परवाना कधी नाकारला किंवा रद्द झाला का, हेही विचारतात. विकमधली बंदी स्नॅपमध्येही मागे येते.

'हो' लिहिलं की स्पष्टीकरण मागतात. बरेच जण तिथे 'जुनी केस, मिटली' एवढं लिहून सोडतात. नकाराला याहून सोपं निमित्त नाही. एक पानी पत्र लिहा. पहिल्या परिच्छेदात दिनांक, कोर्ट, कलम-क्रमांक आणि शिक्षा, जसं निकालात आहे तसंच. दुसऱ्यात शिक्षा, प्रोबेशन, दंड पूर्ण झाल्याच्या तारखा. तिसऱ्यात हा गुन्हा चार गटांत का बसत नाही, किंवा सध्याच्या जबाबदारपणाशी त्याचा थेट संबंध का नाही. चौथ्यात आजचा व्यवहार: दुकानाचा परवाना, विक्रीकर वेळेवर भरल्याचे कागद, दारू-तंबाखूचा परवाना असल्यास तो, आधीच्या नोकरीची किंवा धंद्याची वर्षं. पश्चात्तापाचा परिच्छेद लांबवू नका. वाचणारा अधिकारी नियमाला धरून वाचतो, त्याला नियमाचं उत्तर द्या. सगळ्या पुराव्यांच्या प्रती जोडा आणि मूळ प्रती कधीही पाठवू नका.

वस्तीत दुसरं दुकान नाही, हा मुद्दा लोक फार जोर लावून मांडतात. नियमात 'गरजूंना अन्न मिळण्याची सोय' असा विचार आहे खरा, पण तो मालाची अट अपुरी पडल्यावर करायचा आहे; सचोटीच्या कारणाला तो लागू नाही. एक ओळ लिहा, भर देऊ नका.

ऑनलाइन अर्ज भरून झाला की व्यवसाय परवान्याची प्रत, सगळ्या मालकांचं फोटो-ओळखपत्र, सोशल सिक्युरिटीचा पुरावा आणि सही केलेलं प्रमाणपत्र पाठवायचं असतं. हे कागद पोहोचेपर्यंत अर्ज अपूर्ण समजतात. पूर्ण अर्जावर साधारण 45 दिवसांत निर्णय येतो.

नकार आला तर

पत्र ज्या दिवशी हाती पडलं ती तारीख लिफाफ्यावर लिहा आणि लिफाफा जपून ठेवा. प्रशासकीय पुनर्विलोकनाची लेखी मागणी करायला 10 दिवस मिळतात. वकील शोधण्यात हे दिवस जातात, म्हणून आधी दोन ओळींची मागणी स्वतः पाठवा: हा निर्णय मला मान्य नाही, पुनर्विलोकन हवं, जास्तीचे कागद सादर करायला वेळ हवा. पोहोच मिळेल अशा पद्धतीनेच पाठवा. मग वकिलाकडून सविस्तर म्हणणं द्या. निर्णय चुकीचा आहे हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर असतं.

पत्रात कोणत्या उपकलमाखाली नाकारलं ते शोधा. फक्त 'सचोटी' लिहिलं असेल तर कोणता गट, असं विचारा. पुनर्विलोकन करणारा अधिकारी नियम नीट लावला का एवढंच पाहतो. नियमच अन्याय्य आहे म्हणून तो बाजूला सारण्याचा अधिकार त्याला नाही. तो युक्तिवाद न्यायालयाचा. अंतिम निर्णय हाती आल्यापासून 30 दिवसांत संघीय जिल्हा न्यायालयात किंवा राज्याच्या योग्य न्यायालयात दावा दाखल करता येतो, आणि तिथे प्रकरण नव्याने तपासलं जातं. पुनर्विलोकनाची मुदत चुकली तर हा दरवाजाही बहुधा बंद होतो. कोर्टाचा खर्च मोठा आहे. विद्यापीठांच्या कायदा विभागातली मोफत मदत केंद्रं आणि शिक्षा भोगून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्था अशी प्रकरणं घेतात, तिथे विचारा.

परवाना मिळाला तर

सात अंकी एफएनएस क्रमांक येतो. मशीन आता बहुतेक दुकानदारांना स्वखर्चानेच घ्यावं लागतं. दोन-तीन कंपन्यांचे मासिक भाडं आणि दर-व्यवहाराचे दर मागवून ताडून पाहा. कामगारांना शिकवायची जबाबदारी मालकाची, आणि जुनी नोंद असलेल्या मालकाला इथे एकही चूक परवडत नाही.

कार्डावर रोख रक्कम द्यायची नाही. दहा डॉलर कापून सात हातात देणं हा अवैध व्यापार, आणि त्याला पहिल्याच खेपेला कायमची बंदी आहे. उधारी कार्डावर वळती करायची नाही. त्याला एक वर्ष. ओळखीच्या आजींची वही असते, महिन्याच्या सुरुवातीला कार्ड येतं, आणि सवयीने दुकानदार जुनी बाकी त्यावर घेतो. ती वही ईबीटीपासून पूर्ण वेगळी ठेवा. स्नॅपच्या खरेदीवर विक्रीकर लावायचा नाही, किमान खरेदीची अट घालायची नाही, परत आलेल्या मालाचे पैसे कार्डावरच परत करायचे. दारू, तंबाखू, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, साबण, गरम समोसे कार्डावर नाहीत. नेब्रास्का, आयोवा, इंडियाना यांसारख्या राज्यांत 2026 पासून शीतपेयं किंवा गोळ्या-चॉकलेटंही कार्डातून वगळली आहेत; आपल्या राज्याची यादी काढून गल्ल्याशेजारी चिकटवा.

साधारण पाच वर्षांच्या आत परवान्याचं नूतनीकरण होतं आणि सचोटीचे तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. पहिल्या अर्जाची, पत्राची आणि सगळ्या पुराव्यांची एक पूर्ण प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा. दुसऱ्या खेपेला उत्तरं पहिल्या उत्तरांशी अक्षरशः जुळली पाहिजेत. मधल्या काळात मालक, भागीदार किंवा पत्ता बदलला तर नूतनीकरणाची वाट न पाहता लगेच एफएनएसला कळवा.